गाडी पुन्हा पुन्हा गरम होते? पार्ट बदलण्याआधी मोबाइल हातात घ्या



गेल्या वर्षी मे महिन्यात आईला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही नाशिकला परत येत होतो. गाडीत चार माणसं, एसी चालू. कसारा घाटाचा चढ अर्धा झाला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. अशी ही तिसरी वेळ होती. त्याआधीच्या दोन खेपांना गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि फॅनची मोटर बदलून झाली होती. सगळे मिळून ११,४०० रुपये गेले होते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्री म्हणाला, "दादा, आता हेड उतरवावंच लागेल. बावीस-पंचवीस हजार धरून चाला."

माझी गाडी म्हणजे २०१४ची सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक. तिच्यावर अजून पंचवीस हजार घालायचे की विकून टाकायची, असा घरात वाद सुरू झाला. शेवटी दोष सापडला तो रेडिएटरच्या झाकणात. किंमत १८० रुपये. अर्थात पुढे होज पाइप आणि रेडिएटर साफ करण्याचा खर्च आला, तो सांगतोच. पण आधीचे अकरा हजार बहुतेक फुकट गेले हे खरं.

मी मेकॅनिक नाही. मोबाइल आणि गॅजेट्सवर लिहिणारा माणूस आहे. तरी या प्रकरणात जे शिकलो ते तुमचे पैसे वाचवू शकेल म्हणून हा लेख.

आधी दोन मिनिटांत यंत्रणा समजून घेऊ

पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेतला साधारण एक तृतीयांश भाग उष्णता होऊन इंजिनभोवतीच्या कूलंटमध्ये जातो. वॉटर पंप ते कूलंट फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे कूलंट इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि कूलंट पुढे रेडिएटरमध्ये जातं. गाडी पळत असेल तर समोरची हवा ते थंड करते. उभी असेल तर फॅन करतो.

आता झाकण, म्हणजे रेडिएटर कॅप. ही नुसती बाटलीच्या टोपणासारखी वस्तू नाही. तिच्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो आणि तो यंत्रणेत दाब धरून ठेवतो. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसतो तो या दाबाचा. प्रेशर कुकरचंच तत्त्व. वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून वर. कॅप दाब धरत नसेल तर ही सगळी सवलत गेली. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे खाली शहरात कशीबशी तग धरणारी गाडी घाटात दगा देते यात नवल काही नाही.

कॅपमध्ये दुसराही एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गाडी तापली की फुगलेलं जादा कूलंट बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं, आणि गाडी थंड झाली की या दुसऱ्या व्हॉल्व्हमधून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. हे परत येणं लक्षात ठेवा. माझा सगळा घोळ तिथेच होता.

(काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतंच. कॅप थेट बाटलीवर असते आणि बाटलीही दाबाखाली असते. तुमची कोणती, ते बॉनेट उघडून आधी बघून घ्या.)

गाडी कधी गरम होते, यावरून निम्मं निदान होतं

गॅरेजमध्ये आपण जाऊन सांगतो, "गाडी गरम होते." मिस्त्री अंदाजाने एक पार्ट बदलतो. पंधरा दिवसांनी आपण परत हजर. त्याचा दोष निम्माच, आपण माहितीच दिलेली नसते.

ट्रॅफिकमध्ये किंवा सिग्नलला उभी असताना गरम होते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो? मग पहिला संशय फॅनवर. एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन सुरू होतो. एसीवर फिरतोय पण इंजिन तापल्यावर स्वतःहून सुरू होत नाही, तर मोटर चांगली आहे. सेन्सर, रिले किंवा वायरिंगकडे बघा. अजिबात फिरत नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर, या क्रमाने जा. फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो. रिले तपासायला फ्यूज बॉक्समधला तसाच दुसरा, उदाहरणार्थ हॉर्नचा, नंबर जुळत असेल तर बदलून बघता येतो. माझ्या मिस्त्रीने थेट मोटरच बदलली होती. एक सूचना: इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो. बोटं, ओढणी, चार्जिंगची वायर लांब ठेवा.

उलट शहरात ठीक चालते, पण घाटात किंवा हायवेला शंभरच्या वेगात गरम होते, तर फॅनचा संबंध कमी. तिथे कूलंटचा प्रवाह कमी पडतोय: रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पंपाची पाती झिजलेली, किंवा मुळात कूलंटच कमी. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर यांच्या फटीत चिखल-किडे अडकले तरी असंच होतं. साध्या पाइपने हलक्या धारेचं पाणी मारून ते निघतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारू नका, पातळ पत्र्या वाकतात.

सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, किंवा आत हवा राहिली असेल. आणि गाडी कधी नीट तापतच नाही, मायलेज पडलंय, तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. त्याविषयी पुढे.

मोबाइलचं काम इथून सुरू

बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम असा ठेवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधेच राहतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. खरा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला माहीत असतो, तो आपण बघायचा.

त्यासाठी ओबीडी ॲडॅप्टर लागतो. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात हा आगपेटीएवढा ॲडॅप्टर बसतो. मी ऑनलाइन ९०० रुपयांचा घेतला. अँड्रॉइडवर ब्लूटूथचा चालतो, पेअर करताना पासवर्ड साधारण १२३४ किंवा ०००० असतो. आयफोनवाल्यांनी घेताना बघून घ्या. साधा जुना ब्लूटूथ ॲडॅप्टर आयफोनला जोडला जात नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालाच लागतो. ॲपमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर यांच्या फुकट आवृत्त्या एवढ्या कामाला पुरतात. आणि हो, गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर ॲडॅप्टर काढून ठेवा, तो हळूहळू बॅटरी खातो.

ॲपमध्ये कूलंट टेंपरेचर निवडा आणि रेकॉर्डिंग चालू करून गाडी चालवा. स्क्रीन बघायचं काम शेजारच्याचं. चालवणाऱ्याने नंतर ग्राफ बघायचा. चांगल्या गाडीत आकडा ८५ ते १०० च्या दरम्यान वर-खाली होत राहतो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून गाडी ठीक असतानाचा ग्राफ जपून ठेवा. तोच तुमचा नमुना.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोडही वाचा. पी ०१२८ म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट. पी ०४८० फॅनच्या सर्किटचा. पी ०११७ आणि ०११८ तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटचे, म्हणजे गाडी प्रत्यक्षात गरम झालीच नसेल आणि सेन्सर खोटं बोलत असेल, अशीही शक्यता असते. पी ०२१७ मात्र खरोखरच अति तापल्याचा.

माझ्या गाडीत कोड एकही नव्हता. ग्राफ मात्र विचित्र होता. सिन्नरच्या बाजूला सपाट रस्त्यावर ९० ते ९३. चढाला ९७, १०२, १०६ आणि मग एकदम ८४! पुन्हा झपकन १०० वर. इंजिन दोन सेकंदांत वीस अंश थंड होत नाही. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर आकडा देतो. त्याच्याभोवती हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा आला की तो भलतंच दाखवतो. म्हणजे आत कूलंट पुरेसं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण कूलंट पूर्ण संपलेल्या गाडीत तापमान कमीही दिसू शकतं. दुसरी खूणही जुळत होती: हीटर लावला तर इंजिन तापलेलं असूनही मधेच गार हवा यायची.

बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

पण कूलंट कमी कसं असेल? बाटली तर नेहमी फुलच्या खुणेवर. मी दर रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, त्याच जागेवरून बाटलीचा फोटो काढत होतो. चार फोटोंत पातळी तसूभरही हलली नव्हती. गॅरेजमध्येही प्रत्येकाने बाटली बघूनच "कूलंट ओके" म्हटलं होतं.

शेवटी द्वारका भागातल्या एका रेडिएटरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी मोबाइलमधले फोटो बघितले आणि हसले. "बेटा, चार आठवडे पातळी हललीच नाही, हीच तर बिमारी आहे. बाटली नको बघू, रेडिएटर बघ." गाडी पूर्ण गार होती. झाकण उघडलं तर आत कूलंट दिसेचना. सव्वा लिटर मावलं.

झालं होतं असं. कॅपचं रबर कडक होऊन चिरलं होतं. गाडी तापली की कूलंट बाटलीत जायचं, जादा झालं की बाटलीच्या नळीतून रस्त्यावर. गार झाल्यावर मात्र ते परत ओढलं जायचं नाही. फटीतून हवाच आत जायची. बाटली कायम भरलेली, रेडिएटर हळूहळू रिकामा. निरोगी गाडीत गरम असताना बाटलीची पातळी थोडी वर जाते आणि गार झाल्यावर खाली येते. म्हणून फोटो दोन काढा, एक प्रवासानंतर आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी. मी फक्त सकाळचाच काढत होतो, तिथे चुकलो.

गार झाल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप चपटा होऊन आत ओढलेला दिसत असेल तरीही कॅपवर संशय घ्या. नवीन कॅप घेताना जुन्या कॅपवरचाच आकडा असलेली घ्या. जास्त आकड्याची "हेवी ड्यूटी" लावली तर जुने पाइप फुटतात.

आणि झाकण फक्त गार गाडीचंच उघडायचं. तासभर थांबा, पाइप दाबून बघा, कडक लागला तर अजून थांबा. दाबाखालचं ११० अंशांचं कूलंट तोंडावर उडालं तर आयुष्यभराची खूण राहते.

नवी कॅप लावल्यावर तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये हिरवे थेंब दिसले. दाब आता नीट धरला जात होता, त्यामुळे जुन्या होजमधली बारीक चीर उघडी पडली. असं होतंच, घाबरू नका. गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. एसीचं पाणी स्वच्छ आणि नुसतं पाणी असतं, कूलंट रंगीत आणि बोटाला चिकट लागतं. चव घेऊ नका, ते विषारी आहे आणि गोडसर असल्याने सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. सांडलं तर लगेच धुऊन टाका. हात पोचत नाही तिथे मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढायचा. जोडांवर पांढरा-हिरवट खडू जमलेला दिसला की तिथून गळतंय. होज आणि दोन क्लिपा, मजुरीसकट ६५० रुपये.

जुगाड, जे आपल्याकडे सर्रास होतात

"थर्मोस्टॅट काढून टाकू, टेन्शनच नको." हे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. इंजिन मग नीट तापत नाही, कॉम्प्युटर त्याला थंडच समजून पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच रेडिएटर टाळणारा मार्गही बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. फॅन डायरेक्ट करणं, म्हणजे चावी फिरवली की फॅन चालू, घरी पोचण्यापुरतं ठीक. वर्षभर तसंच ठेवलं तर मोटर झिजते आणि खरा दोष झाकला जातो.

हळद! कसाऱ्यात एका ट्रकवाल्या काकांनी मला रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितलं. बारीक भोक त्याने तात्पुरतं बुजतं, ते काका काही खोटं सांगत नव्हते. पण तीच हळद रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पावडरींचंही तेच.

सगळ्यांत महागात पडतं ते बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा आत बसतो. मी दोनदा घाईत तेच ओतलं होतं, म्हणून चाचांना रेडिएटर उतरवून धुवावा लागला, १,२०० रुपये. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीचं पाणी, मिसळायचं. रेडी-टू-यूज असेल तर काहीच मिसळायचं नाही. डब्यावर वाचा. रंगावर जाऊ नका. हिरवा-लाल-निळा याला सगळ्या कंपन्यांचं एकच असं प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार घ्या.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

"काय बदलायचं ते बदला" हे वाक्य पूर्ण बंद. त्याऐवजी ग्राफ दाखवा आणि आधी प्रेशर टेस्ट करा म्हणा. हातपंपाने गार यंत्रणेत दाब भरतात आणि तो उतरतो का ते बघतात. कॅपही त्याच पंपावर तपासता येते. मला याचे ३०० रुपये पडले. तपासणीचे पैसे द्यायला कुरकुर करू नका, अंदाजाने बदललेल्या एका पार्टपेक्षा ते स्वस्तच असतात.

बदललेला जुना पार्ट परत मागा, बिलाचा आणि पार्टच्या डब्याचा फोटो ठेवा. माझा जुना थर्मोस्टॅट मी घरी पातेल्यात पाण्यात सोडून गॅसवर ठेवला, आईचं किचन थर्मामीटर लावून. ८४ ला छान उघडला. म्हणजे चांगला पार्ट काढून टाकला होता! ही परीक्षा नवा घेण्याआधी करायची असते, ते मला उशिरा सुचलं. आणखी एक: ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे दोन्ही कामं एकदमच करून घ्या, नाहीतर तीच मजुरी दोनदा जाते. काम झाल्यावर आतली हवा काढली का, हेही विचारा.

लाल दिवा लागला तर, आणि हेडचं काय

काटा चढतोय पण वाफ नाही, तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. बाजूला उभी करून एक-दोन मिनिटं बघा, आकडा उतरला तर ठीक. लाल दिवा, वाफ किंवा वाहणारं कूलंट दिसलं तर लगेच इंजिन बंद. "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" म्हणून ओढलेल्या दोन किलोमीटरमध्येच ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, तडा जाऊ शकतो.

तीनदा तापलेल्या माझ्या इंजिनाची कॅप बदलल्यावरही धाकधूक होतीच. हेड गॅस्केट गेलं असेल तर एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखी साय दिसते. ही साय रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या चांगल्या गाडीतही पावसाळ्यात जमते, तेवढ्यावर हेड उतरवू देऊ नका. खात्रीसाठी एक टेस्ट आहे: रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी लावून इंजिन चालू करतात. सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. नाशिकमध्ये तीन गॅरेजांना विचारल्यावर एकाकडे ते किट मिळालं, ५०० रुपये घेतले. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं. आई गाडीतच बसून होती, दर मिनिटाला विचारत होती, "पिवळं झालं का रे?"

नाही झालं. निळंच राहिलं.